चौदावं डोकं

भाऊसाहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मोखाड्याच्या जीप स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक स्टूल, फॉर्मचे गठ्ठे आणि मी. तेव्हा ते नोकरीत होते, तालुक्याच्या एका कचेरीत. कुठल्या ते सांगत नाही, उगाच आता कशाला. जावक टेबलावरचे कारकून. म्हणजे साहेबांची सही झालेला कागद बाहेर पडायच्या आधी शेवटचा त्यांच्याकडे यायचा. ते रजिस्टरला नोंद करायचे, नंबर टाकायचे, शिक्का मारायचे, आणि मग तो कागद माणसाच्या हातात पडायचा. एके दिवशी स्वतःचेच काही कागद घेऊन दुकानात आले आणि झेरॉक्स उलटसुलट बघून म्हणाले, "बाई, तिरकी आलीय."

"मूळ कागदावरच शिक्का तिरका आहे," मी म्हटलं. "मशीन काय आंघोळ घालून सरळ करणार त्याला?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मूळ कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खरंय. हा मीच मारलाय." आणि कागद घेऊन निघून गेले. मी बघतच राहिले. आमच्याकडे पाय घसरला तरी लोक दगडाला शिव्या देतात, आणि हा सरकारी माणूस चूक कबूल करून चालता झाला. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल थोडं बरं वाटायला लागलं, नाहीतर गावात त्यांच्याबद्दल बरं बोलणारं कोणी नव्हतं.

नाव काशिनाथ भोये. मूळचे जव्हारकडच्या साखरशेतचे, नोकरीपायी मोखाड्यात घर बांधलेलं. अंगाने काटकुळे, क्रीम रंगाचा शर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन, मनगटाला घड्याळाबरोबर दोन रबरबँड. छत्री बारा महिने. उन्हाळ्यात छत्री कशाला असं विचारलं तर म्हणायचे, "असू द्या, रेकॉर्डला." आणि चार वाजले की जावक बंद. चार वाजून एक मिनिटाने देव जरी आला असता तरी त्याला भाऊसाहेब म्हणाले असते, "उद्या या." ते दोन शब्द तालुक्यात फार प्रसिद्ध होते. सूर्यमाळच्या चढावर गाडी बंद पडली तर ड्रायव्हर इंजिनला म्हणायचे, भाऊसाहेब झालास काय रे.

आता ते नाशिकला मुलाकडे असतात. गुडघ्यांनी संप पुकारला, दुसरं काही नाही. पंधरा दिवसांनी फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "ताई, जीपा सुटतात ना वेळेवर?" माझी तब्येत, त्यांची तब्येत, हे सगळं नंतर.

हा प्रश्न का, ते सांगायचं तर आमच्या स्टँडचा कायदा सांगावा लागेल. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय सुटत नाही. भरली म्हणजे चौदा. कागदावर किती लिहिलंय ते गाडीवाल्याला माहीत आणि देवाला. स्टँडवर नंबर लावायला पांडू असतो, हातात काठी आणि कानाला बिडी. तो डोकी मोजतो. चौदा झाली की जीपच्या पत्र्यावर काठीने थाप मारतो, मगच चाक हलतं. तेरा असली तर नाही म्हणजे नाही. एखादा म्हणाला, "बाबा, त्या रिकाम्या सीटचे पैसे मी देतो, सोड गाडी," तरी पांडू ऐकत नाही. कारण उघड आहे. रिकामी सीट घेऊन गाडी गेली की ती रस्त्यात माणूस उचलणार, आणि तो माणूस मागच्या गाडीच्या नंबरातला. मग भांडणं. म्हणून पैसे नको, डोकं दाखव. एका डोक्यासाठी तास-तास, दीड-दीड तास माणसं जीपमध्ये घामाघूम होऊन बसतात.

भाऊसाहेब निवृत्त झाले त्याला महिना झाला असेल. सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत उभे होते. समोर पोशेऱ्याची जीप लागलेली, तेरा डोकी आणि एक बाकी. दाराजवळ एक बाई बसली होती, मांडीवर पोर तापाने फणफणलेलं, डॉक्टरला दाखवून परत चाललेली. पोर रडायचंसुद्धा थांबलं होतं. भाऊसाहेबांनी तीन वेळा घड्याळ बघितलं. मग पांडूकडे गेले. "सोड गाडी, एका सीटचे मी देतो."

"भावसाहेब, पैसे ठेव तुझ्याजवळ. डोकं दाखव."

भाऊसाहेबांनी पेपरची घडी घातली, छत्री काखेत मारली आणि पायात स्लिपर तशाच ठेवून जीपच्या मागच्या फळीवर चढून बसले. मला हाक मारून म्हणाले, "ताई, घरी निरोप द्या, मी पोशेऱ्याला जाऊन येतो."

"काय काम काढलंत?"

"काम नाही. कोरम झाला," ते म्हणाले, आणि पांडूची थाप पडली.

झालं! तिथून हा माणूस जीपचा झाला. ज्याने उभ्या आयुष्यात माणसं खोळंबून ठेवली त्याला आता उभी जीप बघवेना. सकाळी नऊला स्टँडवर हजर, जणू मस्टरवर सही करायची आहे. कुठल्याही लायनीला एक डोकं कमी पडलं की हे चढणार. जव्हारची असो, खोडाळ्याची असो. परीक्षेचं पोर असो, दवाखान्याचं माणूस असो, बाजार उरकून घरी निघालेली बाई असो. "बसा, बसा, कोरम होतोय," असं म्हणत सगळ्यात शेवटी, सगळ्यात अवघड जागी, दाराला टेकून बसायचे. खिडकीची जागा कोणी दिली तर घ्यायचे नाहीत. "मी पुरवणी माणूस," म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी एक लबाडी करून बघितली. गावाबाहेरचा उतार लागला की जीप थांबवायची, उतरायचं आणि चालत परत यायचं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मागच्या गाडीवाल्याने आरडाओरडा केला, की भाऊसाहेब उतरतात आणि तिथे दुसरा चढतो, माझं गिऱ्हाईक गेलं. पांडूने भर स्टँडवर त्यांना उभं केलं. ज्यांच्यासमोर पांडू दाखल्यासाठी टोपी काढून उभा राहिलेला, तेच भाऊसाहेब आता पांडूसमोर छत्री धरून उभे.

"बसलास तर शेवटपर्यंत," पांडूने निकाल दिला. "मधे उतरायचं नाय. आन तुझी जागा रिकामीच राहील."

मला वाटलं, आता संपलं नाटक. पण नियम म्हटला की भाऊसाहेबांचा चेहराच खुलायचा. "नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "माझी चूक." आणि त्या दिवसापासून पुरे वीस-पंचवीस किलोमीटर जायचे, तिथे उतरायचे, आणि परतीच्या जीपला चौदावं डोकं होऊन यायचे. बिनकामाचे! मी चिडायचे. "अहो, घरी पंखा आहे, टीव्ही आहे, काकू आहेत. हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस आली का?" तर म्हणायचे, "ताई, घरी दोघंच. कोरम होत नाही."

काकू माझ्याकडे येऊन वैतागायच्या. सकाळी गेलेला नवरा संध्याकाळी कधी करवंदं घेऊन येतो, कधी नाचणीच्या पिठाची पुरचुंडी, कधी नुसतीच धूळ. एकदा तर कमालच झाली. खोडाळ्याच्या बाजूला लग्नाचं वऱ्हाड चाललं होतं, तेरा वऱ्हाडी, एक कमी. हे चढले. तिथे पोचल्यावर वऱ्हाडातलेच समजून लोकांनी त्यांना मांडवात नेलं, हळद लावली, पत्रावळीवर बसवलं. नवऱ्याकडचे समजत होते हे नवरीकडचे, नवरीकडचे समजत होते नवऱ्याकडचे. ढोल वाजायला लागल्यावर कोणीतरी हाताला धरून नाचवलंसुद्धा. संध्याकाळी पिवळा शर्ट घालून परत आले. काकूंनी दारातच विचारलं, "हे काय?" तर खाली मान घालून म्हणाले, "कार्यालयीन कामकाज." काकू हसता हसता ओट्यावर बसल्या. मला सांगतानाही त्यांचं हसू थांबत नव्हतं.

गावोगाव त्यांची वाट बघायला लागले लोक. परतीची जीप लागेपर्यंत ते पोशेऱ्याला रस्त्याकडेच्या झाडाखाली बसायचे, आणि माणसं जमायची. कोणाचं वीजबिल, कोणाचं बँकेचं पत्र, कोणाचं रेशन कार्डातलं नाव. हे लाल पेनाने खूण करून द्यायचे, इथे जा, याला भेट, हा कागद जोड. कोणाला "उद्या या" म्हणाले नाहीत. एकदा मी मुद्दाम चिडवलं, "काय भाऊसाहेब, चार वाजून गेले की!" तर त्यांचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, बोलले ते चुकलंच.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नव्हती. पोशेऱ्याच्या जीपमध्ये ते जरा जास्तच बसायचे. लसीकरणाच्या दिवशी तर हमखास. त्या दिवशी सिस्टर यायच्या, मांडीवर लसीचा निळा डबा. तरुण पोरगी, लग्न होऊन नवऱ्याबरोबर मोखाड्यात राहायला आलेली. तिला सगळे सिस्टरच म्हणायचे, नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. डब्यात बर्फ असायचा, आणि बर्फाला पांडूचा कायदा समजावून सांगता येत नाही. भाऊसाहेब लांबून निळा डबा बघायचे आणि पेपर टाकून धावायचे. "चला, सिस्टर आल्या, कोरम करा!" दोघं समोरासमोर बसून जायची. ती नमस्कार करायची, हे "बसा, बसा" म्हणायचे. त्यापलीकडे बोलणं नाही. पण जीपमध्ये बायका चढायला लागल्या की हे प्रत्येकीच्या तोंडाकडे निरखून बघायचे. मला ते आवडायचं नाही, खोटं कशाला बोलू. म्हातारपणी हे काय, असं मनात यायचं.

मग एक दिवस दुपारी, स्टँडवर सामसूम असताना, ते दुकानात आले आणि पिशवीतून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. जुना, घड्यांवर पिवळा पडलेला. "ताई, याला लॅमिनेशन करून द्या."

मी वाचला. रहिवासी दाखला. कुमारी वैशाली सोमा वारघडे, राहणार पोशेरा, अकरावीच्या वसतिगृह प्रवेशासाठी. खाली साहेबांची सही. मी दिवसाला शंभर कागद बघते, माझी नजर जिथे जायची तिथे गेली. "भाऊसाहेब, यावर जावक नंबर नाही. शिक्कापण नाही."

ते स्टुलावर बसले. "नाही. मारायचा राहिला."

मग सगळं सांगितलं त्यांनी. एक बाई आली होती, पोशेऱ्याची. हातात स्लिपर, पायाला चिखल. मुलीचा दाखला न्यायला. सही झालेला कागद त्यांच्या टेबलावर पडलेला, पण चार वाजून गेले होते. ते म्हणाले, उद्या या. बाई भांडली नाही, रडली नाही, "बरं" म्हणाली आणि गेली. उद्या आल्या आल्या देता यावा म्हणून त्यांनी कागद खणात ठेवला. बाई आली नाही. परवाही नाही. खणात कागदांवर कागद पडत गेले. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना तळाला घातलेलं वर्तमानपत्र उचललं, त्याच्याखाली हा.

"भांडली असती तर विसरलो असतो," ते म्हणाले. "माझ्याशी सगळेच भांडायचे. ही 'बरं' म्हणाली. तिचा एक दिवस बुडाला होता, दुसरा कुठून काढणार? पोरीची शाळा सुटली असेल, ताई. एका नंबरासाठी. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, एवढंच."

तेव्हा मला कळलं, हा माणूस जीपमध्ये बायकांच्या तोंडाकडे काय शोधत होता. माझीच मला लाज वाटली. पण माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं की मी आणखी जोरात बोलते. "अहो, मग विचारा की पोशेऱ्यात! सरळ नाव घ्या, सोमा वारघड्याची बायको कुठंय म्हणून. सहा वर्षं झाडाखाली बसताय!"

"काय विचारू? लोक म्हणणार, काम काय. काय सांगू? जिला मी हाकललं ती कुठंय, असं विचारू? आणि ती सापडली, आणि म्हणाली की पोरगी वीटभट्टीवर गेली, तर मग?" ते घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करायला लागले. "नुसतं बघत राहिलो तर कधीतरी दिसेल. दिसली की बघू."

मी लॅमिनेशनचं मशीन तापत घातलं होतं. ते बंद केलं. "एकदा प्लास्टिक चढलं की शिक्का मारता येणार नाही यावर," मी म्हटलं. आता शिक्का कोण मारणार होतं, कुठला! पण त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "बरोबर. नको मग." मी एक पारदर्शक पाकीट दिलं, त्यात कागद घालून ते पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवून गेले.

यानंतर चार-पाच महिने गेले असतील. सिस्टर दुकानात आल्या. नोकरीत कायम करायचं होतं म्हणून सगळी कागदपत्रं मागवली होती, दहावीपासूनची. मी एकेक पान काचेवर ठेवत होते आणि तोंडाने पावसाची बडबड चालू होती. बारावीची गुणपत्रिका ठेवली आणि हात तिथेच थांबला. वारघडे वैशाली सोमा.

"हे कोणाचं?"

"माझंच, ताई. लग्नाआधीचं नाव."

"पोशेऱ्याची तू? आमची सिस्टर पोशेऱ्याची? आणि बारावी झालीस?"

"बारावी न होता नर्स कशी होणार?" ती हसायला लागली.

मी तिला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, अकरावीला वसतिगृहात घेतलं कसं, दाखला तर मिळाला नव्हता. ती चमकली. तुम्हाला कसं माहीत, म्हणाली. मग सांगितलं, आई हात हलवत परत आली तशी दुसऱ्या दिवशी मायलेकी तशाच शाळेत गेल्या. वसतिगृहाच्या बाईंनी आत घेतलं, दाखला नंतर आणून द्या म्हणाल्या, आणि नंतर तो कोणी मागितलाच नाही.

"कोणीच?"

"कोणीच नाही. पण आईने त्या बाबूचं नाव घरात कायमचं ठेवलं. कोणी पाणी आणायला उशीर केला की आई म्हणायची, काय गं, भावसाहेब झालीस का?"

मी तिला म्हटलं, तो बाबू कोण ते तुला माहीत आहे का. तर ती शांतपणे म्हणाली, "माहीत आहे की. दर वेळी माझ्यासाठी जीप भरतात तेच. आईने दाखवलं. आई त्यांच्या पुढून डोक्यावर मोळी घेऊन दोनदा गेली, झाडाखाली बसले होते तेव्हा. त्यांनी निरखून बघितलं पण ओळखलं नाही. आईने ओळखलं."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"त्यांना आठवत नसेल असं वाटलं. शंभर बायका येत असतील त्यांच्याकडे. आणि इतकं करतात माझ्यासाठी. कशाला म्हाताऱ्या माणसाला लाजवायचं?"

घ्या! एक लाजेने विचारत नाही, दुसरी भिडेने सांगत नाही, आणि दोघं गुडघ्याला गुडघा लावून एकाच जीपमधून चाललेत. मी तिला त्या पाकिटातल्या कागदाचं सांगितलं. "म्हणजे माझं शिक्षण थांबलं असं धरून बसलेत ते? इतकी वर्षं?" असं म्हणाली आणि पदराला, म्हणजे ओढणीला, डोळे पुसले. मीही पुसले. मशीन चालूच राहिलं आणि गुणपत्रिकेच्या सात प्रती निघाल्या.

भाऊसाहेबांना मीच सांगितलं, माझ्या दुकानात, सिस्टर समोर बसलेली असताना. आधी त्यांना कळलंच नाही. तिच्याकडे बघितलं, तिच्याजवळच्या रिकाम्या निळ्या डब्याकडे बघितलं. मग ओठ हलायला लागले. "वैशाली सोमा?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. "अकरावी?"

"झाली. बारावी झाली. नर्सिंग झालं. तुमच्या कागदाशिवाय झालं सगळं, भाऊसाहेब."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला, आणि मला वाटलं आता हा माणूस रडणार. तर एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "दाखल्याशिवाय प्रवेश दिला? हे नियमबाह्य आहे!"

आणि मग रडले. असे रडले की समोर पांडूने जीपची डोकी मोजायची सोडून इकडे बघितलं. पण ते रडणं बघवत नाही असं नव्हतं. पाठीवरचं पोतं उतरवून माणूस वाकलेला सरळ होतो ना, तसं वाटत होतं बघताना. मलाच हलकं वाटलं. सिस्टरने हात पुढे केला. "द्या माझा कागद."

"तुम्हाला नाही," ते म्हणाले. "ज्यांनी मागितला त्यांना द्यायचा."

लसीकरणाच्या दिवशी निघाले. इस्त्रीचा शर्ट, आणि स्लिपरऐवजी बूट. जीपमध्ये आज खिडकीशी बसले. पांडूने विचारलं, तर म्हणाले, "आज मी पुरवणी नाही. आज मला काम आहे." सिस्टर बसल्या, डबा मांडीवर. तेरा झाले. पांडूने काठी खाली ठेवली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम. आणि गंमत बघा, चौदावं डोकं होणारा माणूस आत बसलेला, आता चौदावं कुठून आणणार!

मी शटर ओढलं. आठ वर्षांत भर दिवसा मी शटर ओढलं नव्हतं.

"झेरॉक्सबाई, तू पण?" पांडूने बिडी कानावरून काढली.

"मोज गुपचूप," मी म्हटलं आणि फळीवर चढले. आज मीच म्हणाले, "कोरम झाला." पत्र्यावर थाप पडली.

पोशेऱ्याला उतरून पाड्यावर जायला चढण आहे. भाऊसाहेबांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, छत्री टेकत टेकत वर आले. जानीबाई, म्हणजे सिस्टरची आई, ओट्यावर नाचणी पाखडत होती. पांढरे केस, उन्हाने रापलेलं तोंड. तिने सूप खाली ठेवलं नाही. "आलास?" म्हणाली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया कलेक्टरलाही तूच म्हणतात.

भाऊसाहेबांनी पाकिटातून कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. बोलायचं ठरवून आले होते, जीपमध्ये ओठ हलताना मी बघितले होते. पण आधी कागदच पुढे झाला. जानीबाईने हात लुगड्याला पुसले, कागद घेतला, उलटा धरून बघितला आणि लेकीला विचारलं, "साहेबाची सही हाय?"

"हाय."

"शिक्का?"

"नाय, आई."

"मंग आर्धाच काम केलास," ती भाऊसाहेबांना म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "चुकलं माझं, बाई."

जानीबाईने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. झाडाखाली बसलेल्या माणसाकडे दोनदा बघितलं असेल तिने, आज तिसऱ्यांदा. "उद्या ये म्हणलास. मी नाय आली. तू वाट बघलीस?"

"बघितली."

"लय दिस?"

"लय दिवस."

"मंग झालं तर," जानीबाई म्हणाली. कागदाची घडी घालून तिने चोळीत खोचली. आणि सूप उचलत म्हणाली, "बस. भाकर टाकते. येळ लागंल, चूल पेटवायची हाय. तुला घाई नाय ना?"

तेवढ्यात खाली रस्त्यावर परतीच्या जीपचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग गाडीवाला चढणीच्या तळाशी येऊन तोंडाला हात लावून ओरडला, "भावसाहेब, चला! एक डोकं कमी हाय!"

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. इतकी वर्षं हा हॉर्न ऐकून त्यांचा पाय जागच्या जागी थांबला नव्हता. ते अर्धवट उठलेसुद्धा. पण जानीबाई दारातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवला आणि खाली खणखणीत आवाजात ओरडली, "आज नाय येत तो! उद्या ये!"

सिस्टर फिस्सकन हसली, मी हसले, आणि भाऊसाहेब तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट ओट्याखाली नीट जोडून ठेवले, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि भिंतीला पाठ टेकून भाकरीची वाट बघत बसले.